दुपारच्या डब्यानंतरची बारा मिनिटं

पत्र:
"माझं वय ४३. सांगलीत गावभागात राहते, एका पतसंस्थेत कॅशला आहे. सकाळी सव्वापाचला उठते. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं उरकून, तीन डबे भरून दहाला कामावर. दिवसा त्यांच्यापाशी एक मावशी असतात. मुलगा दहावीला आहे. यजमान मार्केट यार्डात. हळदीच्या सीझनमध्ये रात्री दहाच्या आत घरी येत नाहीत. कॉलेजात असताना मी कविता लिहायचे, त्या वह्या २०१९ च्या पुरात गेल्या. तीन महिन्यांपूर्वी एक मैत्रीण म्हणाली, 'परत लिहायला लाग, मन हलकं होईल.' तेव्हापासून रोज रात्री लिहिते. पण हलकं व्हायचं सोडून मन जास्तच जड होतं. पानंच्या पानं रडगाणं. वाचलं की स्वतःचीच कीव येते आणि मग झोप लागत नाही. वही कुणाच्या हाती लागेल ही धास्ती वेगळीच. माझं काही चुकतंय का, की लिहिणं आता माझ्यासाठी नाहीच? ता. क. वहीत लिहू की मोबाईलवर?"
(एक दमलेली, सांगली)

ताई,

लिहिणं तुमच्यासाठी आहे. तुमच्या पत्रातच ते दिसतं. 'सव्वापाच', 'तीन डबे', 'दहाच्या आत' असं नेमकं सांगणारी बाई लिहू शकते. अडचण दोन ठिकाणी आहे: तुम्ही लिहिता ती वेळ, आणि सुरुवात जिथून करता ती जागा.

रात्री अकरानंतर अंगात त्राण नसताना वही उघडली की दिवसभर डोक्यात भुणभुणत होतं तेच कागदावर उतरतं. 'कुणालाच माझी पर्वा नाही.' 'माझं आयुष्य असंच जाणार.' ही वाक्यं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यात डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल असं काही नाही, त्यामुळे ती पुढे सरकत नाहीत. पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा मोठं, आणखी काळं करावं लागतं. दळलेलंच पुन्हा दळायचं. चौथ्या पानावर तुम्ही पहिल्या पानाच्याच जागी असता, फक्त जास्त दमून.

'लिहिलं की मन हलकं होतं' हा सल्ला अर्धवट आहे. अमेरिकेत मानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, आपल्यावर ओढवलेल्या वाईट प्रसंगाबद्दल लिहिलं. ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. पण लिहून झाल्या झाल्या तीच मुलं जास्त उदास होती. ही गोष्ट सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा फायदा खरा पण लहान निघाला. म्हणजे लिहिणं रामबाण नाही, आणि लिहिल्यावर लगेच जड वाटणं म्हणजे तुमचं बिघडलं असंही नाही. फक्त ते जडपण झोपेच्या तोंडावर अंगावर घेऊ नये.

पेनबेकर यांच्या पुढच्या कामातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ज्यांना फायदा झाला त्यांचं लिहिणं दिवसागणिक बदलत गेलं होतं. 'कारण', 'लक्षात आलं' अशा जातीचे शब्द वाढले आणि बोलणारा बदलला: कधी 'मी', कधी 'ती', कधी 'ते'. म्हणून नुसतं ओतू नका. त्या मजकुराचं काहीतरी घडवा. विसावा त्या घडवण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पहाटे जात्यावर बसून दळता दळता त्यांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून गोळा करायला घेतल्या, आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. त्या बायकांकडे स्वतंत्र खोली नव्हती, वही नव्हती, अनेकींना अक्षरओळखही नव्हती. पण हात कामात गुंतलेले, घर झोपलेलं, आणि दुःख सांगायची एक रीत हाताशी. ती रीत बघा. 'मी किती सोसते' असं सरळ क्वचितच येतं. सीतेचा वनवास येतो, भावाला हाक येते, विठ्ठलाशी भांडण येतं, जात्याशीच बोलणं येतं. स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून त्याकडे जरा लांबून पाहायचं. तुमच्या रात्रीच्या वहीत नेमकं हेच अंतर नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

रात्रीचं लिहिणं आजपासून बंद. त्या जागी पाच मिनिटं फक्त उद्याच्या कामांची यादी, तीही वेगळ्या, साध्या डायरीत. 'खूप कामं आहेत' असं नको. 'डायपरचं पाकीट संपत आलंय, गुरुवारी आणायचं', 'सायन्सच्या क्लासची फी', 'गॅस बुक करणे' असं एकेक, वारासकट. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुण-तरुणींपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी करायला सांगितली होती आणि बाकीच्यांना झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईची तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, पण करून बघायला काहीच खर्च नाही.

खरं लिहिणं दुपारी. पतसंस्थेत डबा खाऊन झाल्यावर बारा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. रोजचा नेम नको, कारण महिनाअखेरीला किंवा पिग्मीच्या हिशोबात घोळ झाला की दोन दिवस जातातच, आणि 'नेम मोडला' ही टोचणी तुम्हाला परवडणारी नाही. बुडलेला दिवस भरून काढायचा नाही. मोबाईलवर बारा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी हात धरून पुढे नेतं. हाताने लिहिलं तर एवढ्या वेळात छोट्या वहीचं एखादं पान होतं. तेवढं पुरे.

पहिले दोन आठवडे स्वतःच्या दुःखाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. फक्त वस्तू. घरातली किंवा कामावरची एक वस्तू घ्यायची आणि ती कशी दिसते, कसा आवाज करते, कुठे तुटली आहे, तिला कोण हात लावतं एवढंच लिहायचं. वाटणं सांगणारे शब्द वर्ज्य: दुःख, थकवा, एकटेपणा, कंटाळा, सगळे. नोटा मोजायचं मशीन, कुकरची शिट्टी, मुलाच्या कंपासपेटीतली टोक चावलेली पेन्सिल, काहीही चालेल.

याने काय फरक पडतो ते दाखवते. समजा, रात्रीच्या वहीत असं आहे:

"आज पुन्हा सगळं मलाच करावं लागलं. कुणाच्या लक्षातही येत नाही. मी फार थकलेय."

आता तोच दिवस, पण औषधाच्या डब्यापासून सुरुवात करून:

"डब्याला सात कप्पे. मंगळवारचं झाकण तुटलंय, त्यावर रबर लावलाय. पांढरी गोळी अर्धी करायची असते. सुरीने ती नीट तुटत नाही, एक तुकडा नेहमी मोठा होतो. मोठा तुकडा सकाळी द्यायचा की रात्री, हे घरात फक्त मला माहीत आहे."

थकवा तोच आहे, तक्रारही तीच. पण शेवटच्या वाक्यापाशी आल्यावर कीव येत नाही. एक गोष्ट स्वच्छ दिसते: घरातलं किती काम फक्त तुमच्या डोक्यात साठलंय. आणि दिसलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती देता येते. (गोळी अर्धी करायचं छोटं कटर औषधाच्या दुकानात मिळतं, ते आणाच. तुकडा लहान-मोठा होणं काही औषधांच्या बाबतीत चालत नाही. ही गोळी तशी आहे का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.)

दोन आठवड्यांनी माणसं येऊ द्या, पण 'मी' नको. तिला नाव द्या, सुमन म्हणा. "सुमनने रिक्षातून उतरताना डब्याची पिशवी सीटवरच ठेवली आणि चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं." भांडणाचा प्रसंग असाच लिहा. कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, आधी कोण बोललं. नाव बदललं की भांडणातली तुम्ही सोडून उरलेली माणसंही दिसायला लागतात. एखाद्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यांनीही लिहून बघा: पाठीवर पडलेल्या बाईला काय काय दिसतं? पंखा, दाराचा वरचा अर्धा भाग, येणाऱ्याचा आधी आवाज आणि मग चेहरा. मात्र राग आलेला असेल त्या दिवशी हे करू नका. समजूतदारपणाची आणखी एक ड्युटी तुमच्यावर टाकायला मी हे सांगत नाही.

आणि ओवी. तुम्ही कवितेच्या म्हणून हे खास तुमच्यासाठी. दोन ओळी, प्रत्येक ओळीत मध्ये एक छोटा थांबा, शेवटी यमक. अक्षरं मोजत बसायचं नाही, गुणगुणून बघायचं. जिभेला अडखळलं तर शब्द बदलायचा. उदाहरण म्हणून ही एक:

पहिली माझी ओवी गं, पहाटेच्या चहाला
दूध गेलं उतू बाई, जीव माहेरी राहिला

याला वही लागत नाही, बारा मिनिटंही लागत नाहीत. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक होते. यमक शोधताना डोकं त्या शोधात गुंततं आणि भुणभुण तेवढ्यापुरती थांबते. ज्या आठवड्यात वही उघडणं अशक्य आहे, त्या आठवड्यात एवढंच करा.

आता मोजमाप. गावभागात राहता म्हणजे पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तासातासाला बघण्याची सवय तुम्हाला असणारच. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तसंच वहीत करा. पानाच्या डोक्यावर मनाची पातळी लिहा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे शांत, दहा म्हणजे असह्य. बारा मिनिटांनी पुन्हा लिहा आणि तासाभराने पुन्हा, कॅश टॅली करताना एखाद्या चिठ्ठीवर लिहिली तरी चालेल. लिहून झाल्या झाल्या आकडा एक-दोनाने चढला तर घाबरायचं कारण नाही. पण तासाभरानंतरचा आकडा ओळीने तीन वेळा सुरुवातीपेक्षा वर असेल, तर तो विषय सोडून वस्तूंकडे परत यायचं. मध्येच रडू अनावर झालं तर गजराचीही वाट पाहायची नाही, वही मिटायची. धाडस म्हणून कुठलंही पान पूर्ण करायचं नसतं.

आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पेन्सिल घेऊन त्या आठवड्याची चार पानं चाळा. फक्त 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' या शब्दांखाली रेघ मारा. ते वाढत असतील तर गाडी रुळावर आहे. चौथ्या पानावर पहिल्याच पानातलं वाक्य जसंच्या तसं असेल तर तुम्ही घाण्याभोवती फिरताय. तेव्हा माणूस बदला, 'मी'ची 'ती' करा किंवा ओवीकडे वळा. याशिवाय मागचं वाचायचं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं नाही. लिहिलेलं लगेच व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचा मोह तर हमखास होईल. अंगठे आणि फुलं आली की पुढचं पान त्या अंगठ्यांसाठी लिहिलं जातं, नाही आली की लिहिणंच थांबतं. निदान तीन महिने तरी ही पानं कुणासाठी नसू द्या.

धास्तीबद्दल. वही घरी नेऊच नका. कामावरच्या तुमच्या कुलपाच्या खणात राहू द्या. ते शक्य नसेल तर सुट्या कागदांवर लिहा आणि फाडून टाका. फाडलं तरी लिहिण्याचा उपयोग वाया जात नाही. सुमनची गोष्ट म्हणून लिहिलेलं पान कुणी वाचलंच, तर ती गोष्ट आहे असं तुम्हाला म्हणता येतं, हा त्या नावाचा आणखी एक फायदा. ज्या घरात वही सापडल्यावर मारहाणीची भीती आहे त्या घरातल्या बाईने मात्र असं काही कागदावर ठेवू नये, आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावं. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे सदर अनेकजणी वाचतात.

पुरात गेलेल्या वह्यांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय आणि घाईने पुढे गेलायत. त्या पाण्यात आपल्या गावानं खूप कागद गमावला. नगर वाचनालयाची पुस्तकंही भिजून गेली. त्या कविता आठवून पुन्हा लिहायचा प्रयत्न करू नका. जुन्या ओळीशी नव्या ओळीची तुलना सुरू होते आणि हात थांबतो. दोनेक महिन्यांनी पातळी खाली राहायला लागली की एक दिवस त्या वह्यांची यादी करा: पुठ्ठा कुठल्या रंगाचा होता, कुठल्या दुकानातून घेतली होती, कुणी काय लिहून दिलं होतं, आणि आठवत असेल तर एकच ओळ. त्या वह्यांवर लिहायचं ते एवढंच, आणि हा विषय शक्यतो पावसाळ्यात उघडायचा नाही.

एक गोष्ट मात्र लिहिण्याने होणार नाही. दोन वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाची सेवा, नोकरी आणि दहावीचं वर्ष हे एका बाईचं काम नाही. बारा मिनिटांत तुम्ही दम खाल, पण ओझं तेवढंच राहील. म्हणून औषधाच्या डब्याचं ते पान दुसऱ्या एका कामाला लावा. मोठ्या अक्षरात कुठली गोळी, किती, कधी हे लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा आणि रात्रीची औषधं यजमानांकडे द्या. हळदीचा सीझन असला तरी आल्यावर पाच मिनिटांचं काम आहे. रविवारी सकाळचे दोन तास मुलगा आजीपाशी पुस्तक घेऊन बसू शकतो. मागताना 'मला मदत करा' असं म्हणू नका, काम आणि वार सांगा. पहिल्या आठवड्यात चुका होतील. तेव्हा ते काम परत आपल्याकडे ओढून घ्यायचं नाही, हे तुम्हाला लिहिण्यापेक्षा अवघड जाईल. आणि स्वतःसाठी बारा मिनिटं काढणं स्वार्थ आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर ते जाणवतं. नाही, ताई.

आता हे काळजीपूर्वक वाचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रात्री झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा 'संपवून टाकावं' असा विचार एकदा जरी आला असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय. ते रात्री लिहिण्यामुळे आहे की आधीपासूनच, हे वहीचं वेळापत्रक बदलल्यावर दोन आठवड्यांत कळेल. फरक पडला नाही तर तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नका.

ता. क. चं उत्तर: वहीत. मोबाईलवर लिहायला घेतलं की मध्येच शाळेचा मेसेज येतो, आणि फोन घरात चारजण हाताळतात. तुमचं खातं मुलाच्या टॅबवर चालू असेल तर तुम्ही लिहिलेली नोंद तिथेही उमटते. वही शंभर पानी, शाळेची, एकरेघी घ्या. जाड पुठ्ठ्याची सुंदर डायरी घेऊ नका, तिच्यात खराब लिहायला हात धजत नाही, आणि पहिला महिना तुम्हाला खराबच लिहायचंय. सोमवारी डबा झाला की पहिलं पान: नोटा मोजायचं मशीन. एखादी नोट अडकली की ते कसा आवाज करतं, तिथून सुरू करा.